धवलारीण: मंत्रांऐवजी गाण्यांतून लग्न लावणारी पुरोहित स्त्री

महिला पुरोहितानं लग्न लावल्याचा एखादा व्हिडिओ सोशल मीडियावर फिरायला लागला की खाली कमेंटमध्ये लगेच दोन गट पडतात. एक गट म्हणतो, काळ बदलला. दुसरा म्हणतो, बाईनं लग्न लावणं आपल्यात कधी नव्हतंच. दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे पौरोहित्य हे मुळात पुरुषांचं काम आणि बाया त्यात आता कुठे शिरू लागल्या आहेत.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या आजूबाजूच्या आगरी गावांत एखाद्या म्हातारीला हे विचारलं तर वेगळं उत्तर मिळू शकतं. या भागात लग्न लावणारी बाई पिढ्यान् पिढ्या होती. तिला पोथी लागत नव्हती आणि संस्कृतही लागत नव्हतं. तिला म्हणतात धवलारीण.

थोडक्यात

- धवलारीण म्हणजे आगरी लग्नात 'धवले' गाऊन विधी चालवणारी जाणती स्त्री. काही ठिकाणी 'धवळारीण' असाही उच्चार होतो.
- ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतल्या वारली समाजात हेच काम करणाऱ्या स्त्रीला 'धवलेरी' म्हणतात.
- तिचं ज्ञान तोंडी असतं. ते एका बाईकडून दुसरीकडे ऐकून जातं.
- हिंदू विवाह कायद्यानुसार समाजाच्या रूढीप्रमाणे झालेला विवाह वैध असतो. पुरोहित पुरुषच हवा, अशी अट कायद्यात नाही.
- ही परंपरा पूर्ण बंद झालेली नाही, पण शहरीकरण झालेल्या पट्ट्यात ती वेगानं मागे पडली आहे.

धवलारीण म्हणजे कोण?

आगरी समाज मुख्यतः रायगड, ठाणे, पालघर, नवी मुंबई आणि मुंबई या भागांत राहतो. 'आगर' म्हणजे मिठागर, आणि त्यावरून 'आगरी' हे नाव पडलं असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. मीठ पिकवणं, भातशेती आणि मासेमारी हे या समाजाचे जुने व्यवसाय. कार्ल्याची एकवीरा आई ही आगरी आणि कोळी समाजांतल्या असंख्य घरांची कुलदेवता आहे. आगरी बोली ही मराठीचीच एक बोली असून तिचा स्वतःचा ठसका आहे.

या समाजाच्या लग्नात धवलारणीचा मान मोठा. ती व्यवसायानं पुरोहित नसते. एरवी ती शेतावर राबणारी, बाजारात भाजी किंवा मासळी विकणारी, घर सांभाळणारी बाई असते. पण लग्नघरात ती आली की सूत्रं तिच्याकडे जातात. कोणता विधी कधी करायचा, त्याला काय सामान लागतं, कोणी पुढे व्हायचं, कोणत्या देवाचं नाव आधी घ्यायचं, हे सगळं तिला पाठ असतं. या साऱ्याला ती गाण्यांतून वाट करून देते.

हे पद ठरावीक घराण्यातच राहतं असं नाही. ज्या बाईचा गळा चांगला, स्मरणशक्ती पक्की आणि जिनं लहानपणापासून मोठ्या बायांच्या मागे बसून गाणी ऐकली, ती हळूहळू धवलारीण होते. आधी ती मागच्या बायांत बसून ओळ ओढते, मग मुख्य धवलारीण थकली की मधेच सूर धरते आणि एक दिवस तिलाच बोलावणं येतं. तिला प्रमाणपत्र मिळत नाही. एखाद्या घरानं विश्वासानं बोलावलं, हीच तिची परीक्षा.

'धवला' हा शब्द किती जुना आहे?

धवल म्हणजे पांढरा, शुभ्र. त्यावरून धवला किंवा धवळा म्हणजे मंगलगीत, विशेषतः लग्नातलं गाणं. हा शब्द फार जुना आहे. देवगिरीच्या यादवांच्या दरबारातल्या शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात लिहिलेल्या 'संगीतरत्नाकर' या ग्रंथात 'धवल' नावाच्या गीतप्रकाराचं वर्णन आहे.

त्याच शतकात महानुभाव पंथातल्या महदाइसेनं 'धवळे' रचले. महदंबा या नावानंही ती ओळखली जाते. विषय होता श्रीकृष्ण आणि रुक्मिणी यांचा विवाह. विदर्भातल्या ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या सहवासात ही रचना झाली. महदाइसेला मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री मानलं जातं. म्हणजे मराठीत स्त्रीच्या नावावर असलेली पहिली मोठी रचना लग्नगीतांची आहे.

महदाइसेचे धवळे हस्तलिखितांत राहिले, म्हणून ते आज वाचता येतात. आगरी धवलारणींचे धवले कागदावर फारसे आलेच नाहीत. त्यामुळे महदाइसेच्या रचनेपासून आजच्या गाण्यांपर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही. पण लग्नाला 'धवळे' हवेत आणि ते बाईनं गायचे, ही समजूत मराठी मुलखात किमान सातशे वर्षांची आहे, एवढं खात्रीनं म्हणता येतं.

लग्नात ती नेमकं काय करते?

गावागणिक पद्धत थोडी बदलते. तरीही कामाचा साचा पुढीलप्रमाणे असतो.

देवांना बोलावणं. सुरुवातीला धवल्यांतून गणपती, कुलदेवता, गावदेव आणि घरातले पूर्वज यांना लग्नाला यायचं आमंत्रण दिलं जातं. कोणाला विसरून चालत नाही. म्हणून धवलारणीला गावातली दैवतं आणि ज्या घरचं लग्न आहे त्या घराचे देव माहीत असावे लागतात.

मांडव. मांडवाची मेढ रोवणं, उंबराची फांदी आणणं, देवक बसवणं या प्रत्येक कामाला गाणं असतं. गाण्यात कृतीचं वर्णन येतं. फांदी कुठून आणली, कोणी आणली, ती कशी रोवली हे गाण्यात म्हणायचं आणि तेच समोर घडत राहायचं.

हळद. हळद दळणं, ती आधी देवाला आणि मग नवऱ्याला किंवा नवरीला लावणं, नंतर आंघोळ घालणं या सगळ्याचा क्रम ठरलेला असतो. आज आगरी हळद म्हटलं की डीजे आणि नाच डोळ्यांसमोर येतो. पण हळदीचा मूळ विधी धवल्यांवर चालायचा.

लग्न आणि पाठवणी. नवरा-नवरीला समोरासमोर आणणं, नवरीची पाठवणी, सासरी गृहप्रवेश अशा टप्प्यांवरही धवले येतात. पाठवणीच्या गाण्यात मांडवातल्या बाया रडल्या नाहीत असं सहसा होत नाही.

धवलारीण एकटी गात नाही. ती ओळ म्हणते आणि मागच्या बाया ती उचलतात. बहुतेक वेळा सोबत वाद्य नसतं. चाल संथ असते, कारण गाण्याच्या वेगानं हातातलं काम पुढे सरकायला हवं. कामाला वेळ लागला तर ती ओळी वाढवते, काम लवकर आटपलं तर आवरतं घेते. म्हणून नुसती गाणी पाठ असून भागत नाही. मांडवात काय चाललं आहे याच्याकडे तिचं सतत लक्ष लागतं.

तिला मानधन म्हणून लुगडं, खण-नारळ, तांदूळ आणि यथाशक्ती पैसे देण्याची रीत आहे. त्याला मजुरी म्हणत नाहीत, 'मान' म्हणतात.

गाणारी बाई आणि लग्न लावणारी बाई

लग्नात बायांनी गाणी म्हणणं भारतभर आहे. मग धवलारणीचं वेगळेपण कशात आहे?

उल्हासनगरमधलंच उदाहरण घेता येईल. तिथल्या सिंधी लग्नांत बाया 'लाडा' ही पारंपरिक गाणी उत्साहानं गातात. पण विधी लावायला महाराज, म्हणजे पुरोहित, येतात. गाणी थांबली तरी लग्न लागतं. जुन्या आगरी लग्नात गाणं हाच विधी चालवण्याचा मार्ग होता. धवला म्हटल्याशिवाय मेढ रोवली जात नसे आणि हळद चढत नसे. भटजींच्या हातून लागणाऱ्या लग्नात मंत्राची जी जागा आहे, ती इथे धवल्याची.

बायांच्या लग्नगीतांत किती धार्मिक वजन असतं हे त्यांच्या विरोधकांना चांगलं कळलं होतं. १७३६ साली गोव्यातल्या इन्क्विझिशननं, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयानं, नवख्रिस्ती कुटुंबांच्या अनेक जुन्या चालीरीतींवर बंदी घालणारं फर्मान काढलं. त्यात लग्नात 'ओव्या' गाण्यालाही मनाई होती. ती गाणी म्हणजे नुसती करमणूक असती, तर धर्मसत्तेला त्यांच्यावर बंदी घालायची गरज पडली नसती.

वारल्यांची धवलेरी

धवलारणीची सर्वांत जवळची बहीण शोभेल अशी स्त्री वारली समाजात आहे. डहाणू, तलासरी, जव्हार या पट्ट्यात वारली मोठ्या संख्येनं राहतात. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सगळा भाग आणि अंबरनाथ-बदलापूर एकाच ठाणे जिल्ह्यात होते.

वारली लग्नात धवलेरी पुरोहिताचं काम करते. लग्नघराच्या गेरूनं सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठानं 'चौक' काढतात. चौकात पालघट देवीचं चित्र असतं. ही देवी सुफलतेची. चौकाशिवाय लग्न होत नाही आणि धवलेरीच्या गाण्यांशिवाय चौक पुरा होत नाही.

पुढे काय झालं हे सगळ्यांना ठाऊक आहे. १९७०च्या दशकात वारली चित्रं भिंतीवरून कागदावर आली. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे जगभर गेले आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज साडीपासून कपबशीपर्यंत सगळीकडे वारली नक्षी दिसते. ज्या विधीतून हे चित्र आलं, तो गाऊन चालवणारी धवलेरी मात्र बहुतेकांच्या कानावरही नाही. चित्र विकता येतं, भिंतीवर टांगता येतं. धवला लग्नाच्या दिवसाबाहेर काढला की त्याचं काम उरत नाही. एकाच मांडवातल्या दोन परंपरांपैकी एक जगप्रसिद्ध झाली आणि दुसरी मागे राहिली, याचं एक कारण हे आहे.

मणिपूरची माइबी आणि आपली धवलारीण

भारतात स्त्री पुरोहितांची चर्चा निघाली की मणिपूरच्या मैतेई समाजाचं उदाहरण हमखास येतं. तिथल्या पारंपरिक धर्मात 'माइबी' म्हणजे पुरोहित स्त्री. तिची वेशभूषा पांढरी असते. 'लाइ हराओबा' या देवतांच्या उत्सवात ती पाण्यातून देवतेला जागवते, सृष्टी कशी झाली हे नृत्यातून दाखवते आणि देवतेचं म्हणणं लोकांना सांगते. माइबींच्या सांगलेन, नोंगमाइ आणि फुरा अशा तीन परंपरा आहेत. अठराव्या शतकात राजा गरीब निवाजच्या काळात वैष्णव धर्माला राजाश्रय मिळाला, तरी माइबीचं पद टिकून राहिलं.

दोघींत साम्य आहे. दोघी देवांना बोलावतात, दोघींचं ज्ञान तोंडी आहे आणि दोघींच्या समाजांवर नंतर मोठ्या धर्मपरंपरांचा प्रभाव वाढला.

फरकही मोठा आहे. माइबीला देवतेनं निवडावं लागतं. तिच्या अंगात देवता येते असं मानलं जातं आणि त्यानंतर तिचं शिक्षण सुरू होतं. धवलारणीला अंगात येण्याची गरज नाही. तिला गाणी आणि क्रम आठवावा लागतो. दुसरा फरक संस्थेचा. माइबीमागे देवस्थानं, वार्षिक उत्सव आणि गुरुपरंपरा उभी आहे. राजांच्या काळात दरबाराचा आधारही होता. धवलारणीमागे तिच्या गावची लग्नं आहेत. गावानं बोलावणं बंद केलं की तिचं पद त्याच दिवशी संपतं.

पुण्यातल्या महिला पुरोहितांपेक्षा ती वेगळी कशी?

महाराष्ट्रात महिला पौरोहित्याची जी चळवळ माहीत आहे ती वेगळ्या वाटेनं आली. साकोरीला उपासनी महाराजांनी स्थापलेल्या कन्याकुमारी स्थानात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून स्त्रिया वेदपठण आणि यज्ञ करू लागल्या. पुण्यात १९७०च्या दशकात शंकरराव थत्ते यांनी स्त्रियांसाठी पौरोहित्याचे वर्ग सुरू केले. नंतर ज्ञान प्रबोधिनीनं स्त्री-पुरुष दोघांनाही पौरोहित्य शिकवलं आणि मंत्रांचा अर्थ मराठीत सांगण्यावर भर दिला.

या स्त्रियांनी पुरुषांसाठी राखून ठेवलेल्या जागेत प्रवेश मिळवला. त्यासाठी त्या संस्कृत शिकल्या आणि त्यांनी टीकाही सोसली. धवलारणीला कोणाच्या जागेत शिरावं लागलं नाही. ती जागा तिचीच होती आणि भाषाही तिचीच होती. आजची उलटी गंमत अशी की शहरात संस्कृत मंत्र म्हणणाऱ्या बाईची बातमी होते, पण आगरीत धवला म्हणणाऱ्या बाईला 'जुन्या गाण्यांची आजी' म्हणून बाजूला बसवलं जातं.

ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्न ही कल्पनाही महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ला सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह झाला. मराठी मंगलाष्टकं आणि वधू-वरांच्या परस्परांना दिलेल्या शपथा हे त्याचं वैशिष्ट्य. तो जाणीवपूर्वक केलेला बंडाचा मार्ग होता. आगरी आणि वारली बाया मात्र बंड न करताच, घरची रीत म्हणून लग्नं लावत होत्या.

कायदा काय सांगतो?

हा प्रश्न अनेकांना पडतो: धवलारणीनं लावलेलं लग्न कायद्यानं चालतं का?

हिंदू विवाह अधिनियम, १९५५च्या कलम ७नुसार वधू किंवा वर यांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी करून विवाह करता येतो. त्या विधींत सप्तपदी असेल, तर सातवं पाऊल टाकल्यावर विवाह पूर्ण होतो. म्हणजे सप्तपदी प्रत्येक लग्नाला सक्तीची नाही, ती त्या रूढीत असेल तरच. पुरोहित कोणत्या जातीचा किंवा लिंगाचा असावा यावर कायदा काही बोलत नाही.

वारली, कातकरी, ठाकूर अशा अनुसूचित जमातींना हा कायदा कलम २(२)नुसार सरसकट लागू होत नाही. त्यांची लग्नं त्यांच्या रूढीनं होतात.

इथे 'रूढी' हा शब्द महत्त्वाचा. कायद्याच्या व्याख्येनुसार रूढी म्हणजे दीर्घकाळ, सतत आणि सारख्या पद्धतीनं पाळली गेलेली रीत. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या एका द्विभार्या खटल्यात हाच मुद्दा धरला. दुसरं लग्न 'गांधर्व' पद्धतीनं झालं असं सांगितलं गेलं होतं. पण ज्या रीतीनं ते झालं ती त्या समाजाची जुनी रूढी आहे हे सिद्ध झालं नाही. थोड्या वर्षांपूर्वी सुरू झालेल्या पद्धतीला रूढी म्हणता येत नाही, असं न्यायालयानं म्हटलं आणि आरोपी सुटला. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानं हेही स्पष्ट केलं की विधी झालेच नसतील तर केवळ प्रमाणपत्रानं हिंदू विवाह होत नाही.

याचा सरळ अर्थ असा की समाजाची लग्नाची रीत काय होती, हे कधीतरी कोर्टात सांगावं लागू शकतं, आणि बहुधा ते एखाद्या स्त्रीच्या पोटगीचा, वारशाचा किंवा फसवणुकीचा प्रश्न उभा राहतो तेव्हाच. तेव्हा ही रीत नीट कोणाला माहीत असते? धवलारणीला. तिच्यासोबत गाणी गेली तर त्या रीतीचा साक्षीदारही जातो.

व्यवहारात एक काळजी घ्यावी. लग्न कोणीही लावलं तरी त्याची नोंदणी करावी. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८चा कायदा आहे आणि सर्वोच्च न्यायालयानंही २००६ साली विवाह नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. नोंदणीच्या अर्जात लग्न लावणाऱ्या पुरोहिताच्या तपशिलासाठी जागा असते. धवलारणीनं लग्न लावलं असेल तर तिथे तिचं नाव देण्यात लाजण्यासारखं काही नाही.

परंपरा मागे का पडली?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांकडे पाहिलं की कारणं दिसतात.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. अंबरनाथला दारूगोळ्याशी संबंधित सरकारी कारखाना आणि पुढे औद्योगिक वसाहत आली. बदलापूर लोकलनं मुंबईला जोडलेलं घरांचं शहर झालं. २०११च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांच्या आसपास आणि कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास होती. आशेळे-माणेरेसारखी जुनी गावं आता इमारतींनी वेढली आहेत.

शेतं गेली, अंगणं गेली. मांडव दाराऐवजी हॉलमध्ये आला. हॉल तासांवर मिळतो. तीन-चार दिवस चालणारे विधी काही तासांत बसवायचे तर आधी धवले कापले जातात, कारण त्यांना घाई चालत नाही. त्यात डीजेचा आवाज. ज्या बाईचा माइकशिवायचा संथ आवाज हे साधन आहे, तिला स्पीकरपुढे जागा राहत नाही.

दुसरं कारण प्रतिष्ठेचं. शिक्षण आणि पैसा आल्यावर भटजींना बोलावणं हे 'सुधारल्याचं' लक्षण वाटू लागलं. आज अनेक घरांत तडजोड दिसते. मंगलाष्टकं आणि सप्तपदी भटजींकडे, हळद आणि घरचे देव धवलारणीकडे. काही घरांत मात्र ती पूर्णच वगळली जाते.

तिसरं कारण भाषेचं. आगरी बोलली तर मूल शाळेत मागे पडेल या भीतीनं अनेक घरांत मुलांशी प्रमाण मराठी बोलली जाते. धवल्यांतले शब्द शेतीचे, मिठाचे, खाडीचे. ज्या नातीला ते शब्दच कळत नाहीत, ती गाणं पाठ कसं करणार?

काही गैरसमज

*धवलारीण म्हणजे अंगात येणारी बाई.* चूक. अंगात येणं, कौल लावणं ही कामं भगताची किंवा देवऋषीची. धवलारणीचं काम लग्नाचं.

*ती देवाला वाहिलेली असते.* चूक. मुरळी किंवा जोगतीण यांच्याशी तिचा संबंध नाही. ती घरसंसार असलेली सामान्य बाई असते.

*धवला म्हणजे आगरी-कोळीगीत.* चूक. यूट्यूबवरची नाचायची गाणी हा वेगळा, अलीकडचा प्रकार आहे. धवला नाचासाठी नसतो.

*ही फक्त गरिबांची सोय होती.* अर्धसत्य. भटजी परवडत नव्हते हे काही घरांत खरं असेल. पण ऐपतीच्या घरीही धवलारीण सन्मानानं बोलावली जाई.

जपायचं असेल तर काय करता येईल?

अलीकडे अनेक आगरी-कोळी गावांनी हळदीतला डीजे, दारू आणि वारेमाप खर्च यांवर मर्यादा घालण्याचे ठराव केले आहेत. डीजे बंद झाला की हळदीत काय करायचं, हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर गावातच आहे.

घरात किंवा शेजारी धवले येणारी आजी असेल तर तिची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्डिंग करता येतं. मात्र तीस सेकंदांची रील काढून थांबू नये. रीलमध्ये चाल येते, पण क्रम हरवतो. कोणत्या गाण्यानंतर कोणतं, ते म्हणताना हातात काय असतं, कोण कुठे बसतं, या क्रमातच लग्न लावण्याचं ज्ञान आहे. म्हणून गाणं सलग घ्यावं. सोबत गावाचं नाव, तारीख, ते कोणाकडून शिकली आणि अवघड शब्दांचे अर्थ लिहून ठेवावेत. सोशल मीडियावर टाकायचं असेल तर ते तिला आधी सांगावं आणि तिचं नाव द्यायचं की नाही हे तिच्यावर सोडावं.

त्याहून मोठं काम लग्नपत्रिका छापण्याआधीचं आहे. मुहूर्त, हॉल, केटरर आणि फोटोग्राफर ठरवताना धवलारणीसाठीही दोन तास राखून ठेवता येतात, आणि तिच्या मागे बसायला घरातल्या चार तरुण मुली पाठवता येतात. ओळ उचलणाऱ्या त्या चौघींपैकी एखादीला ती पाठ होईल. धवलारीण आजवर अशीच घडत आली आहे.